छताचा उतार

उमाकांतांची बदली जयपूरला झाली तेव्हा त्यांची मुलगी सुनंदा तेरा वर्षांची होती. ते तारखात्यात होते. वाईचं बिऱ्हाड तीन गाड्या बदलून १९५६ च्या हिवाळ्यात जयपूरच्या स्टेशनवर उतरलं. बिऱ्हाड म्हणजे आईवडील, सुनंदा आणि आजोबा. टांग्यात बसल्यावर आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "रस्ता किती रुंद आहे गं?"

"खूप आहे, आप्पा."

"खूप म्हणजे किती फूट?"

आप्पासाहेबांनी चाळीस वर्षं सातारा जिल्ह्यात ओव्हरसियर म्हणून रस्ते, मोऱ्या आणि लहान पूल बांधले होते. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांना उजेड कळायचा, समोर कुणीतरी उभं आहे हे कळायचं, पण कोण ते कळायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू. "कैरी आहे का ती?" आप्पा घरी येऊन चिडायचे. "पिकेपर्यंत मी गळून पडेन."

चौडा रास्ता नावाच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांना घर मिळालं. तळमजल्यावर घरमालकीण भँवरीबाई, वर दोन खोल्या यांच्या, आणि त्यावर छत. छतावर सुनंदाचा जीव जडला. वाईला कौलं होती, आभाळ बघायला अंगणात यावं लागे. इथे जिना चढला की सगळं शहर पायाशी अंथरलेलं असायचं. छताला छत लागलेलं, मध्ये गुलाबी भिंती, दूर डोंगरावर किल्ल्याची रेघ. संध्याकाळी शेकडो पतंग वर जायचे आणि खाली पोरांचा गलका उठायचा. तिला वाटायचं, हे शहर जमिनीवर वसलेलंच नाही. ते कुणाच्या तरी डोळ्यांसमोर तरंगतंय, आणि त्या माणसाला जाग आली की विरून जाईल.

आप्पांना ती सगळं सांगायची. ते बाजेवर पाय सोडून बसायचे आणि तिला नीट बोलायला लावायचे.

"डोंगर कसा दिसतोय?"

"निळा."

"निळा तर आपला पांडवगडही दिसतो. हा कसा?"

मग ती विचार करून सांगायची, "उंट बसलाय आणि त्याच्यावर कुणीतरी धुरकट शाल टाकलीय, तसा."

"हां. आता दिसला."

अशी दोन वर्षं गेली. शाळेत सुनंदा हिंदी शिकली. "मतलब" आणि "अच्छा" हे शब्द तिच्या मराठीत येऊन बसले, आणि आई, मधुमती, ते वेचून बाहेर काढत राहिली. आईला जयपूरमध्ये एकच गोष्ट मनापासून आवडायची. ती म्हणजे ऊन. वाईला कुरडया वाळायला दोन-तीन दिवस लागायचे, आणि त्यात कधी वळीव येऊन सगळं नासवेल याचा नेम नसायचा. इथे सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी काचेसारखी वाजायची. त्यामुळे १९५८ च्या उन्हाळ्यात आईने हात सैल सोडला. तीन दिवस गहू भिजवले, चौथ्या दिवशी चीक काढला, आणि दोन जुनी लुगडी छतावर पसरून त्यांवर चारशे कुरडया घातल्या. त्यांतल्या अर्ध्या वाईला धाकट्या जावेकडे जायच्या होत्या, तिच्या मुलीचं लग्न होतं.

राखणीला आप्पा होते. जिन्याच्या खोलीच्या सावलीपासून थोड्या अंतरावर त्यांची बाज, उशाला सुरई, हातात काठी, डोक्यावर काळी छत्री. आवाज झाला की ते काठी दगडावर आपटायचे आणि माकडं पळायची.

"मामंजी, तुम्हांला दिसत नाही हे माकडांना कळलं तर?" आई जिन्यातून विचारायची.

"तू सांगू नकोस म्हणजे झालं."

छताबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते साधारण तीस फूट लांब होतं. पश्चिमेच्या टोकाला जिन्याची खोली, पूर्वेच्या टोकाला पावसाचं पाणी गल्लीत टाकणारी दगडी परनाळ. त्या पूर्वेच्या बाजूचा कठडा मागच्या पावसाळ्यात ढासळला होता. भँवरीबाई दर महिन्याला "कारीगर आ रहा है" म्हणायच्या, पण गवंडी काही यायचा नाही. आप्पांना त्या बाजूला जायची सक्त मनाई होती. उत्तरेला शेजारची हवेली होती, यांच्यापेक्षा दोन मजले उंच.

तो दिवस जूनचा होता. दुपारचे चार वाजले असतील. वारा एकदम थांबला. गल्लीतली कबुतरं कुठे गेली ते कळलंच नाही. घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला, जणू कुणी उन्हात हळद कालवली. आईने हातातलं भांडं ठेवलं, खिडकीतून वर पाहिलं आणि ओरडली, "सुनंदा! वाळवण!"

त्याच वेळी खालून भँवरीबाईंचा आवाज आला, "आँधी छै! आँधी! नीचे आओ सब!" पाठोपाठ गल्लीभर दारं-खिडक्या लागल्याचे आवाज आले, एकामागून एक. सगळी गल्ली खाली उतरून घरात शिरत होती. एकटी सुनंदा वर धावत होती.

यात आईचा दोष म्हणावा तर म्हणता येईल. पण वाईत वाढलेल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं. उन्हाळ्यात आभाळ अंधारलं की धावायचं आणि वाळवण उचलायचं, हे तिच्या हातापायांना ठाऊक होतं. त्यासाठी विचार करावा लागत नसे.

सुनंदा छतावर आली आणि तिने पश्चिमेकडे पाहिलं. जिन्याच्या खोलीच्या मागे, शहराच्या कडेला एक भिंत उभी होती. तांबूस, वर पिवळी, मध्ये काळी. ती इतकी उंच होती की डोंगरावरचा किल्ला तिच्यापुढे खेळण्यातला वाटला. भिंतीला आवाज नव्हता. ती चालत होती, एकेक घर पुसत येत होती. सुनंदाला भीती वाटायच्या आधी ती भिंत फार सुंदर वाटली, आणि त्या एका क्षणात ती तिथेच उभी राहिली. हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही.

"कोण, नंदा?" बाजेवरून आप्पा म्हणाले. "आभाळ कसं दिसतंय?"

भँवरीबाईंची हाक तिने ऐकली होती. समोर ढग नाहीत, धुळीचं वादळ आहे हेही तिला कळत होतं. पण ते सगळं सांगायला वेळ लागला असता, आप्पांनी दहा प्रश्न विचारले असते, आणि खाली आई ओरडत होती. ती म्हणाली, "भरून आलंय."

आप्पांनी मान जरा गल्लीकडे वळवली. मग म्हणाले, "मग आधी कुरडया ने खाली. पावसात म्हातारा विरघळत नाही, कुरडया विरघळतात. पळ."

तिने एका लुगड्याची चारी टोकं गोळा केली, मग दुसऱ्याची, दोन्ही गाठोडी छातीशी धरली आणि जिना उतरली. अठ्ठावीस पायऱ्या. खाली आईने गाठोडी घेतली, तिच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "मामंजी कुठंयत?"

तेवढ्यात घर हललं. म्हणजे घर हललं नसेल, पण आवाज तसा आला. खिडकीतला पिवळा उजेड तपकिरी झाला आणि विझला.

आईने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण सुनंदा जिन्यावर होती. मधल्या वळणावर दोरीवर एक ओला पंचा वाळत होता, तो तिने ओढून तोंडाला गुंडाळला. एवढं तिला शाळेतल्या मुलींकडून माहीत झालं होतं. वरचं दार वाऱ्याने बाहेरून दाबून धरलं होतं. तिने ते ढकललं, बाहेर पाऊल टाकलं, आणि दार मागे धाडकन आपटलं.

बाहेर काही नव्हतं.

अंधारात निदान अंधार दिसतो. इथे डोळे उघडले तर वाळू आणि मिटले तर पापण्यांच्या आत तांबडं, एवढंच होतं. हात पुढे केला तर कोपरापर्यंत दिसायचा, पुढचा हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा नाहीसा व्हायचा. वाळू कानात, दातांत, केसांच्या मुळांत. तिने "आप्पा" म्हणून हाक मारली आणि तिचा आवाज तोंडातून निघताच कुणीतरी उचलून नेला.

बाज सरळ रेषेत आठ-नऊ पावलांवर असायला हवी होती. ती नऊ पावलं चालली. बाज नव्हती. आणखी तीन पावलं. मग तिने चुकून मागे वळून पाहिलं, आणि वळल्यावर आपण किती वळलो हेच तिला आठवेना. वारा एकाच दिशेने असता तर त्याच्या तोंडाकडे चालत गेलं की जिना. पण उत्तरेच्या उंच हवेलीवर आपटून तो भोवऱ्यासारखा फिरत होता. आता पाठीत, आता तोंडावर, आता बगलेतून. छताच्या एका बाजूला कठडा नव्हता, आणि ती बाजू कुठली ते आता तिला सांगता येत नव्हतं.

ती खाली बसली. गुडघ्यांना दगड भाजला. मग रडू आलं.

तेव्हा तिला ते ऐकू आलं. टक्. टक्. टक्. दगडावर काठी. कानांना ऐकू येण्याआधी ते तळहातांना कळलं, कारण हात दगडावर टेकलेले होते. ती रांगत निघाली. टक्टक् थांबली की तीही थांबायची, पुन्हा आली की पुढे. शेवटी तिचा हात एका पायावर पडला.

"कोण?" आप्पा ओरडले.

"मी!"

"तुला कुणी बोलावलं वर? गाढव!"

ते बाजेखाली शिरून, बाजेचा पाय कवटाळून बसले होते. छत्री केव्हाच गेली होती. सुनंदाने पंचा सोडून अर्धा त्यांच्या तोंडावर धरला. दोघांची डोकी एकमेकांना लागली, तेव्हा बोलणं ऐकू येऊ लागलं.

"आप्पा, जिना कुठं आहे?"

"तू आलीस कुठून?"

"मला कळत नाही. मला काहीच दिसत नाही."

"बरं झालं," आप्पा म्हणाले. "आता दोघं सारखे. घाबरू नकोस, मी दोन वर्षं यातच राहतोय."

तेवढ्यात वाऱ्याने बाजेखाली हात घातला. बाज एकदा उचलली गेली, खाली आली, पुन्हा उचलली गेली आणि आली नाही. आप्पांच्या हातातून पाय निसटला. दोघंही ऐकत राहिले. बराच वेळ काही नाही. मग कुठेतरी खूप खाली, स्वप्नात दार वाजावं तसा, लाकूड फुटल्याचा आवाज. गल्लीत. कुठल्या दिशेला, ते सांगता येत नव्हतं.

"आडवी हो," आप्पा म्हणाले. "पोटावर. सुरई हाताला लागते का बघ."

सुरई लवंडली होती, पण तळाशी पाणी होतं. सुनंदाने ती पोटाशी धरली.

"ऐक. छत कधी सपाट नसतं. डोळ्यांना सपाट वाटतं, पण बांधणारा परनाळीकडे उतार ठेवतो. दहा फुटांना दोन इंच. पायाला कळत नाही, पाण्याला कळतं. तू माझ्याकडे तोंड करून झोप, मध्ये वारा येऊ देऊ नकोस. जागा हाताने पूस. आता थोडंसं ओत. थोडंसं! आणि हात ठेव."

तिने वाळू बाजूला केली, दोघांच्या छात्यांच्या मध्ये ओंजळभर पाणी ओतलं आणि तळहात पालथा ठेवला. तापलेल्या दगडावर पाणी कोमट झालं. काही क्षण ते तसंच थांबलं. मग करंगळीच्या बाजूने अगदी हळूच, मुंगी चालावी तसं, सरकलं.

"गेलं," ती म्हणाली. "माझ्या करंगळीकडे."

"नक्की? पुन्हा ओत."

पुन्हा करंगळीकडे.

"तिकडे परनाळ. तिकडे कठडा नाही. आपण अंगठ्याकडे. चल, माझा हात सोडू नकोस. चार हात पुढे गेलो की पुन्हा ओतायचं."

ते दोघं असे निघाले. किती वेळ लागला हे सुनंदाला कधीच सांगता आलं नाही. वडिलांच्या मते आंधीचा जोर वीस मिनिटं होता. तिला मात्र ते एक अख्खं गाव ओलांडल्यासारखं वाटलं. आप्पांचे गुडघे दुखत होते, ते थांबायचे, धापा टाकायचे, आणि "मोरीचं काम असं असतं, घाई नाही" असं काहीतरी पुटपुटायचे. ती वाळू पुसायची, ओतायची, हात ठेवायची. एकदा पाणी दोन्ही बाजूंना गेलं, तिथे दगडाचा सांधा होता. आप्पा म्हणाले, "सांधा खोटं बोलतो, पुढं सरक." निघाल्यापासून तिसऱ्यांदा ओतल्यावर सुरई रिकामी झाली. चौथ्यांदा ओतायला काही उरलं नव्हतं. तिने सुरई सोडून दिली आणि ती घरंगळत गेल्याचा आवाज ऐकला. मातीची गोल सुरई, तीही करंगळीकडेच गेली असावी असं तिने धरून चाललं, आणि दुसऱ्या बाजूला हात पुढे केला.

हाताला भिंत लागली. जिन्याच्या खोलीची. त्यापुढे दार, आणि दारावर आतून कुणीतरी मुठी मारत होतं.

आईने आणि भँवरीबाईंनी मिळून दार ढकलून धरलं. आप्पा आत आले आणि पहिल्या पायरीवर बसले. त्यांच्या पापण्या, भुवया, मिशा सगळं एकाच रंगाचं झालं होतं. ते एखाद्या जुन्या पुतळ्यासारखे दिसत होते. भँवरीबाईंनी आईकडे पाहून कपाळावर हात मारला. "आँधी में छत पर? बाई, थारे देस में लोग ऐसे ही मरते हैं क्या?"

"आमच्याकडे पाऊस येतो हो," आई म्हणाली आणि पदर तोंडात घालून रडू लागली.

सुनंदा मात्र रडली नाही. ती आप्पांच्या पायांशी बसून आपल्या तळहाताकडे बघत राहिली. हात चिखलाने माखला होता.

त्यानंतर दोन आठवडे आप्पा खोकत होते. मग बरे झाले. कठडा चार दिवसांत बांधून झाला, कारीगर एकाएकी सापडला. सुनंदा मॅट्रिक झाली, पुढे बांधकाम खात्यात नकाशांवरून ट्रेसिंग करणाऱ्या मुलींमध्ये तिला काम मिळालं. पातळ कापडावर काळ्या शाईने रेघा ओढताना ती उतार दाखवणारा लहान बाण काढायची, तेव्हा दर वेळी क्षणभर थांबायची. शेजारच्या मुलींना वाटायचं, हिचा हात मंद आहे.

तिच्या मनात एक गोष्ट अडकली होती. घरात सगळे म्हणायचे, पोरीने आजोबांना वाचवलं. ती आंधीची गोष्ट पाहुण्यांना सांगितली जायची, आणि सांगताना वडिलांचा आवाज चढायचा. सुनंदा उठून आत जायची. आपण पाहिलं होतं, ऐकलं होतं, तरी "भरून आलंय" म्हणालो आणि गाठोडी उचलून खाली गेलो, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ज्या माणसाला आपल्याच डोळ्यांनी जग दिसत होतं, त्याला आपण एकदा खोटं दाखवलं.

१९६२ मध्ये एकदाचा मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेनंतर आप्पांना हालचाल करायची नव्हती. डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळू भरलेल्या पिशव्या. "इथंही वाळूच," ते म्हणाले. सुनंदा रोज दुपारी कचेरीतून सुटली की त्यांच्याजवळ बसायची. पट्टी दुसऱ्या दिवशी निघणार होती. वॉर्डात सामसूम होती, पंखा हळू फिरत होता, खिडकीच्या पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं. उद्या हे डोळे माझा चेहरा बघतील, असं तिला वाटलं आणि तिला धीर धरवेना.

"आप्पा, त्या दिवशी मी तुम्हांला खोटं सांगितलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"आंधीच्या. भरून आलेलं नव्हतं. मला दिसत होतं काय येतंय ते. भँवरीबाईंची हाकही मी ऐकली होती. तरी मी कुरडया घेऊन गेले."

आप्पांचे ओठ हलले, ते हसले असावेत, पण डोकं हलवायला बंदी होती.

"हाक मीही ऐकली होती," ते म्हणाले. "डोळे गेले होते माझे, कान नव्हते."

"मग?"

"मग काय! मला जिना उतरायला किती वेळ लागायचा ते ठाऊक आहे ना तुला? तू मला धरून नेलं असतंस तर अर्ध्या छतावर दोघांनाही गाठलं असतं आंधीनं. तुला नुसतं 'जा' म्हटलं असतं तर तू गेली नसतीस. कुरडया ने म्हटलं की तू पळणार, हे मला माहीत होतं. तुझ्या आईची पोर आहेस."

सुनंदा पलंगाच्या आणखी जवळ सरकली.

"एकच हिशोब चुकला," आप्पा म्हणाले. "तू परत येशील हे मी धरलं नव्हतं."

तिने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो जरा वेळ राहू दिला, मग हळूच सोडवून घेतला.

"उद्या पट्टी काढतील तेव्हा तू लगेच समोर येऊ नकोस," ते म्हणाले. "आधी मला भिंत बघू दे, खिडकी बघू दे, तो डॉक्टर कसा दिसतो ते बघू दे. तुझ्यापासून सुरुवात केली तर डोळ्यांत पाणी येईल, आणि त्याने रडायला सक्त मनाई केली आहे."